कुंभाराचे गाढव

वजन घटवण्याच्या कॅप्सूलचा कुठलाही डबा हातात घेऊन उलटा केला, की मागच्या बाजूला, घटकांच्या तक्त्याखाली, डोळे बारीक करून वाचावे लागेल अशा अक्षरांत एक वाक्य सापडते. समतोल आहार आणि नियमित व्यायाम यांच्यासोबत घेतल्यास उत्तम परिणाम, अशा अर्थाचे. पुढच्या बाजूला कंबरेभोवती टेप गुंडाळलेली आकृती असते, 'फॅट बर्नर' असे ठळक शब्द असतात, पण साऱ्या डब्यावर विचार करण्याजोगे काही छापलेले असेल तर ते हे मागचे वाक्य. ते खोटे नाही. खाणे आवरले आणि अंग हलवले तर वजन उतरतेच, आणि त्या दिवसांत कॅप्सूल पोटात जात असेल तर ती घेत असताना वजन उतरले, हेही खरेच. पण त्या दिवसांत माणूस पाणीही पीत होता, बसने कामावरही जात होता, संध्याकाळी बातम्याही बघत होता. एखादी गोष्ट घडत असताना जे जे हजर होते त्यातल्या कशाकशाला तिचे कारण म्हणायचे, हा प्रश्न आहारतज्ज्ञाचा वाटला तरी मुळात तत्त्वज्ञानाचा आहे, आणि आपल्याकडच्या नैयायिकांनी त्याचा कीस पाडून ठेवला आहे.

त्यांचे ठरलेले उदाहरण घटाचे. घट व्हायचा तर माती हवी, कुंभार हवा, चाक हवे, चाक फिरवणारा दंड हवा. ही झाली कारणे. पण घट होण्याआधी आणखीही पुष्कळ काही असते. त्या दंडाला काहीतरी रंग असतो. कुंभाराला बाप असतो. माती वाहून आणणारे गाढव दारात उभे असते. १७व्या शतकातल्या विश्वनाथ न्यायपंचाननांच्या 'भाषापरिच्छेद' या ग्रंथात अशा गोष्टींना 'अन्यथासिद्ध' म्हणून बाजूला काढले आहे आणि त्यांचे पाच प्रकार केले आहेत. गाढव पाचव्या प्रकारात येते. एखाद्या घटाची माती खरोखरच त्याच्या पाठीवरून आलेली असेल, तरी घट कशाने झाला हे सांगताना त्याचे नाव घ्यावे लागत नाही. ज्यांच्यावाचून घट होतच नाही तेवढ्यांनी घटाचा उलगडा पुरता झालेला असतो, मग गाढव असो वा नसो. वजन घटवण्यासाठी म्हणून विकली जाणारी बहुतेक सप्लिमेंट या पाचव्या प्रकारात मोडतात, असे मला म्हणायचे आहे. आणि त्यांच्यावरचा माझा आक्षेप ती सोपी वाट दाखवतात हा नाही. सोप्या वाटेने जाण्यात पाप काय? ती केलेल्या कष्टांचे श्रेय परस्पर उचलतात, हा आहे.

कारण कोणते आणि गाढव कोणते हे ओळखण्याची न्यायशास्त्राची कसोटी म्हणजे अन्वय आणि व्यतिरेक. हे असले की ते होते, हा अन्वय. हे नसले की ते होत नाही, हा व्यतिरेक. आपण सगळे अन्वयावर लगेच भाळतो. कॅप्सूल सुरू केली, दीड महिन्यात चार किलो उतरले, झाले. पण ज्या सोमवारी कॅप्सूल सुरू होते त्याच सोमवारी चहातली साखर निम्मी होते, रात्रीचा भात बंद होतो, संध्याकाळचे फिरणे सुरू होते, कारण माणूस कॅप्सूल विकत घेतो तोच मुळी मनाशी काही ठरवल्यावर. त्यातून भात, पोळी, साखर एकदम कमी केली की शरीरात साठलेले ग्लायकोजेन आणि त्याने धरून ठेवलेले पाणी आधी निघून जाते, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच काटा किलो-दीड किलो खाली येतो. ते पाणी असते, चरबी नव्हे. माणसाला वाटते, गुण आला. या गुंत्यातून कॅप्सूलचा वाटा वेगळा काढायचा तर एकच उपाय उरतो. दोन सारखे गट घ्यायचे, दोघांना आहार तोच, व्यायाम तोच, एका गटाला कॅप्सूल आणि दुसऱ्याला तशीच दिसणारी पोकळ कॅप्सूल, आणि कोणाला काय मिळाले हे घेणाऱ्यालाही कळू द्यायचे नाही. आजच्या वैद्यकातली चाचणी म्हणतात ती हीच. तिच्यात व्यतिरेक मुद्दाम घडवून आणलेला असतो.

एक चाचणी जवळून पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यातला पदार्थ आपल्या स्वयंपाकघराच्या नात्यातला आहे. ज्या झाडापासून आमसूल मिळते त्याचे शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. त्याचा दक्षिणेकडचा भाऊबंद गार्सिनिया कंबोजिया, केरळात माशाच्या कालवणात पडणारी कुडमपुळी. दोघांच्याही फळांच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असते. पिष्टमय पदार्थांपासून चरबी तयार होताना जे विकर लागते ते हे आम्ल अडवते, असे प्रयोगशाळेत आढळले होते. ते खाऊ घातलेले उंदीर कमी खात आणि त्यांच्या अंगावर चरबीही कमी चढत असे. एवढ्या भांडवलावर १९९०च्या दशकात अमेरिकेत गार्सिनियाच्या कॅप्सूल धडाक्याने विकल्या जाऊ लागल्या. मग न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी १३५ जाड माणसे घेऊन १२ आठवड्यांची चाचणी केली. ती १९९८ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आली. सर्वांना आहार एकच, रोज सुमारे १,२०० किलोकॅलरींचा आणि भरपूर तंतूंचा. एका गटाला रोज १,५०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, दुसऱ्याला पोकळ कॅप्सूल. बारा आठवड्यांनी गार्सिनियाच्या गटाचे वजन सरासरी ३.२ किलोंनी उतरले होते आणि पोकळ कॅप्सूलवाल्यांचे ४.१ किलोंनी. म्हणून गार्सिनियाने वजन उतरण्यात खोडा घातला असे कोणी समजू नये, तो फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता. पण गार्सिनिया घेतलेल्या गटातल्या कोणालाही, तो गट एकटाच समोर असता तर, तीन किलो उतरल्याचे श्रेय कॅप्सूललाच द्यावेसे वाटले असते. दुसरा गट होता म्हणून कळले, की घट गाढवावाचूनही झाला आणि चांगला झाला.

मग त्या अडवलेल्या विकराचे काय? सप्लिमेंटच्या जाहिराती या ठिकाणी हमखास विज्ञानाची भाषा बोलू लागतात. अमुक घटक चयापचय वाढवतो, तमुक घटक चरबीच्या पेशींवर काम करतो. नैयायिकांनी याही युक्तिवादाची सोय करून ठेवली आहे. रानात पडलेला दंडही घट घडवण्याच्या लायकीचा असतो, म्हणून त्याला स्वरूपयोग्य कारण म्हणायला हरकत नाही. पण ज्याने प्रत्यक्ष चाक फिरवले आणि फळ आणून दाखवले तो दंड फलोपधायक. काचेच्या नळीत विकर अडवणारे आम्ल हा रानातला दंड आहे. जिवंत माणसाच्या शरीरात त्याची मात्रा पुरते का, ते योग्य जागी पोचते का, एक वाट अडवली तर शरीर दुसरी वाट काढते का, हे सगळे पुढचे प्रश्न, आणि ते सुटेपर्यंत यंत्रणेची कितीही सुबक आकृती काढली तरी चाक जागचे हललेले नसते.

गार्सिनियाचे एकट्याचे हे झाले नाही. ग्रीन टीच्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २०१२ मध्ये आढावा घेतला, तेव्हा जपानबाहेरच्या चाचण्यांत ग्रीन टी आणि पोकळ गोळी यांच्यातला सरासरी फरक ४० ग्रॅम निघाला. घरातला काटा तो दाखवणारही नाही. २०२१ मध्ये 'ओबेसिटी' या नियतकालिकात वजन घटवणाऱ्या सप्लिमेंट आणि तत्सम उपचारांवरच्या ३१५ चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. त्यातल्या नीट बेतलेल्या आणि पुरेशा विश्वासार्ह निघाल्या फक्त ५२. त्या ५२ मध्ये दोन गटांच्या वजनांत लक्षणीय फरक दिसला तो १६ चाचण्यांत, आणि तोही कुठे ३०० ग्रॅमचा तर कुठे जवळजवळ पाच किलोंचा. हे सगळेच शून्य आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. सुरणाच्या कुळातल्या कोंजॅक नावाच्या कंदापासून ग्लुकोमॅनन नावाचा तंतू काढतात. तो पाण्यात फुगतो आणि पोट भरल्यासारखे वाटते. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये त्याला पाठिंबा दिला, पण अटी घालून : रोज तीन ग्रॅम, तीन वेळा विभागून, जेवणाआधी, प्रत्येक वेळी एक-दोन पेले पाण्याबरोबर, आणि तोही कमी उष्मांकांचा आहार चालू असेल तरच. पाणी कमी पडले तर तो घशात अडकण्याचा धोका आहे. नंतरच्या सगळ्याच चाचण्यांनी त्याला दुजोरा दिला असेही नाही. प्रथिनांच्या भुकटीचे प्रकरण वेगळे. खाणे कमी केले की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि वजने उचलण्याच्या व्यायामासोबत पुरेसे प्रथिन मिळाले तर ती झीज कमी होते. वरण-भात-भाजीच्या ताटात प्रथिन तोकडे पडत असेल तर भुकटीचा उपयोग आहे. पण मग ती अन्नच झाली, मूग, ताक आणि अंड्यांच्या पंगतीत बसणारी. तिला चमत्काराच्या कपाटात ठेवायचे कारण नाही. तेव्हा चाक फिरवायला थोडा हातभार लावणारी एखाददुसरी वस्तू या बाजारात आहे, हे कबूल. तिच्या नावावर शंभर गाढवे विकली जातात, ही तक्रार आहे.

इथे त्या मागच्या वाक्याकडे नीट पाहायला हवे. ते दिसायला प्रामाणिक सूचनेसारखे आहे, पण त्याची रचना अशी आहे की कॅप्सूल कधी हरूच शकत नाही. वजन उतरले तर कॅप्सूलने उतरले. नाही उतरले तर तुम्ही आहार नीट पाळला नाही, व्यायाम टाळला. फळ आले की मालाचे, न आले की गिऱ्हाइकाचा दोष. नवसाचा हिशेब असाच असतो : पावला तर देव जागृत, न पावला तर भक्ताची श्रद्धा कच्ची. तुकोबांनी नवस करणाऱ्यांना जो रोकडा सवाल केला तो सर्वांना पाठ आहे, आणि नीट पाहिले तर तो व्यतिरेकाचाच सवाल आहे. जे विधान कुठल्याही अनुभवाने खोटे ठरू शकत नाही त्यातून काही कळतही नाही, मग ते देवळात ऐकलेले असो की दुकानात. कायद्यालाही ही निसरडी जागा पुरती अडवता आलेली नाही. आपल्याकडे १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याने ज्या रोगांवर औषध असल्याची जाहिरात करायला मनाई केली त्यांच्या परिशिष्टात लठ्ठपणाही आहे. पण तीच वस्तू अन्न म्हणून, न्यूट्रास्युटिकल म्हणून विकायला आली, की 'बरे करते'च्या जागी 'साहाय्य करते' येते, डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असेही छापले जाते, आणि घेणारा मात्र औषध समजूनच घेतो. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने तर सप्लिमेंट बाजारात आणण्याआधी ते उपयोगी असल्याचा पुरावा सरकारला देण्याची अटच ठेवली नाही.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो. असेना का गाढव, तो म्हणतो, पैसे मोजून आणलेली कॅप्सूल समोर दिसते म्हणून माणूस खाणे आवरतो, हुरूप येतो, आणि हुरुपाने वजन उतरत असेल तर बिघडले काय? आक्षेपात दम आहे. श्रद्धेचे बळ नाकारण्याचे कारण नाही. पण हुरूप येतो हेही एक विधानच आहे, आणि ते तपासून पाहिलेले आहे. २०११ मध्ये तैवानच्या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. सर्वांना गोळी एकच दिली, जिच्यात काहीच नव्हते. निम्म्यांना खरे सांगितले, निम्म्यांना ती मल्टिव्हिटॅमिन असल्याचे सांगितले. व्हिटॅमिन घेतले असे समजणाऱ्यांची व्यायामाची इच्छा कमी झालेली आढळली, आरोग्याला बऱ्या जेवणापेक्षा बुफेकडे त्यांचा ओढा जास्त दिसला आणि ते चाललेही कमी. पुढच्या एका प्रयोगात तशाच पोकळ गोळीला वजन घटवणारे सप्लिमेंट म्हटले गेले, तर ती घेतलेल्यांनी चव पाहण्याच्या निमित्ताने गोड खाऊ जास्त खाल्ला. आपली एक बाजू सांभाळली गेली आहे असे वाटले की माणूस दुसऱ्या बाजूने सैल होतो. हा स्वभाव आपल्याला अपरिचित नाही. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण प्रयोगशाळेवाचूनच आली आहे. म्हणजे कॅप्सूल नुसती निरुपयोगी सोबतीण राहत नाही. ज्या कष्टांचे श्रेय ती घेते, ते कष्टच थोडे पातळ करते.

आणि ज्या डब्यातल्या कॅप्सूलने भूक खरोखरच मरते, त्याची तर जास्तच धास्ती घ्यावी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २००७ ते २०१६ या काळात न सांगता औषधे मिसळलेली ७७६ सप्लिमेंट सापडली. त्यातली चाळीस टक्क्यांहून जास्त वजन घटवण्याची होती, आणि त्यांत सर्वांत जास्त वेळा सापडलेले औषध होते सिब्युट्रामिन. हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो म्हणून ते २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून आणि २०११ मध्ये भारतातून हद्दपार झाले होते. वनस्पतीचे चित्र असलेल्या डब्यात ते वेष पालटून परत आले.

व्यवहारी माणसाच्या आक्षेपाला याहून चांगले उत्तर पाली वाङ्मयात आहे. संयुत्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची गोष्ट येते. तो द्रोणभर तांदळाचा भात खात असे, आणि एकदा असा भरपेट जेवून धापा टाकत बुद्धाकडे आला. बुद्धाने त्याला एक गाथा सांगितली. मिळालेल्या अन्नाचे प्रमाण जो भान ठेवून जाणतो त्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, असा तिचा आशय. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना म्हणून दाखवायचे काम दिले. मोबदला दिवसाला शंभर कहापण. राजाचा आहार हळूहळू उतरत नाळीभर भातावर आला, आणि शेवटी आपल्या हलक्या झालेल्या अंगावरून हात फिरवत तो बुद्धाचे गुण गाऊ लागला. ही आहारासोबत घेतलेली, पैसे मोजून आणलेली मदतच आहे, आणि ती घेण्यात बुद्धालाही काही वावगे वाटलेले नाही. फरक आहे तो मदत कुठे लागते याचा. सुदस्सनची गाथा ऐन ताटावर, हात घासाकडे जात असताना, खाणाऱ्याला त्याच्याच निश्चयाची आठवण करून देते. तैवानच्या प्रयोगातली गोळी ती आठवण बुजवते. गाथेने कर्ता जागा राहतो, म्हणून ती दंडाच्या जातीची. तिची किंमत जबर होती हे मात्र खरे, पण तो राजा होता.

दुसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो. त्रिफळा, गुळवेल, मध हे काही कारखान्यातून निघालेले नाहीत, चरकाने सांगितलेले आहेत, मग त्यांना गाढवांत कसे ढकलता? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला एकविसावा अध्याय काढून पाहावा. अतिस्थूल माणसाच्या उपचारात ही नावे आहेतच, सुंठ, वावडिंग, आवळा, जव अशी आणखीही आहेत. पण ती कशाच्या जोडीला आहेत हे पाहिले पाहिजे. पचायला जड पण अंगी न लागणारे अन्न, व्यायाम, जागरण, चिंतन, आणि हे सगळे क्रमाक्रमाने वाढवत न्यायचे, वैद्याने माणूस पाहून. कंपनी या साऱ्या व्यवस्थेतून त्रिफळा तेवढी उचलते, कारण जागरण आणि व्यायाम डबीत भरता येत नाहीत. व्यवस्थेतला एक भाग काढून त्यालाच सारे श्रेय देणे हा परंपरेचा आदर नव्हे. ज्यांना परंपरेचा आधार हवा त्यांनी सकाळी गरम पाण्यात मध घेण्यापूर्वी मध आणि उष्णता यांच्या संयोगाबद्दल त्याच संहितेचे मत काय आहे तेही पाहावे. ते अगदीच प्रतिकूल आहे. वनस्पतीजन्य म्हणून निर्धोक, हाही समज फोल आहे. ग्रीन टीच्या तीव्र अर्काने यकृताला इजा झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत आणि युरोपच्या प्राधिकरणाने २०१८ मध्ये त्या अर्कातल्या ईजीसीजी या घटकाच्या रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रेबद्दल सावध केले आहे. चहाचा कप आणि चहाचा अर्क यांत महदंतर आहे.

तिसरा आक्षेप माझ्या बाजूचा असल्याचा आव आणतो, म्हणून त्याच्याशी जास्त भांडावे लागेल. तो म्हणतो, बरोबर आहे, बाहेरची मदत घेणे म्हणजेच दुबळेपणा. वजन उतरवायचे तर ते तपाने, जिभेवर ताबा ठेवून, नाहीतर त्याला मोल नाही. हे मला सप्लिमेंटच्या जाहिरातीइतकेच चूक वाटते. गीतेच्या सतराव्या अध्यायात मानसन्मानासाठी केलेले तप राजस आणि स्वतःला पिडून मूढ हट्टाने केलेले तप तामस ठरवले आहे, आणि काट्यावरच्या आकड्यासाठी केलेल्या उपासमारीत या दोहोंचा वास बऱ्याचदा येतो. पण मुख्य अडचण वेगळी आहे. अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. ती सांगून लगेच पुढे, जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी घडलेली नाही, असाही निर्वाळा दिला आहे. जाड माणसाला 'तोंड आवर' म्हणणारे लोक पाचांपैकी कर्ता तेवढा पाहतात. चरकाने त्यांच्यापेक्षा जास्त पाहिले होते. अतिस्थौल्याच्या कारणांत त्याने अतिखाणे, दिवसाची झोप, व्यायाम न करणे यांच्या शेजारीच बीजस्वभावही नोंदवला आहे. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांनी शरीराच्या जाडीतल्या फरकांचा मोठा वाटा आनुवंशिक असल्याचे दाखवले ते फार नंतर.

शरीर हे अधिष्ठानही काही मुकाट्याने बसणारे नाही. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर वजन उतरवण्याची एक गाजलेली स्पर्धा होती. तिच्यातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासले, तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेकांचे वजन बरेचसे परत आले होते, पण विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढी ऊर्जा जाळते ती मात्र त्यांच्या वजनाला साजेशा आकड्यापेक्षा रोज सुमारे ५०० किलोकॅलरींनी कमीच राहिली होती. घटलेले वजन परत मिळवण्यासाठी शरीर वर्षानुवर्षे काटकसर करत राहते. या माणसांना आळशी म्हणायला जीभ फार सैल असावी लागते.

म्हणूनच वजन उतरवणाऱ्या अलीकडच्या इंजेक्शनांचे काय, हा प्रश्न टाळता येत नाही. सेमाग्लुटाइडची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांना आहार-व्यायामाचे मार्गदर्शन सारखेच. ६८ आठवड्यांनी औषधाच्या गटाचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले आणि पोकळ इंजेक्शनच्या गटाचे २.४ टक्क्यांनी. इथे व्यतिरेक स्वच्छ दिसतो. हा दंड आहे, चाकाला लागलेला. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातले दोन तृतीयांश वजन परत आले, यातूनही तेच सिद्ध होते. औषध म्हणून त्याची मळमळ आहे, किंमत आहे, ते किती वर्षे घ्यायचे हा पेच आहे, आणि हे सगळे डॉक्टरांसमोर बसून ठरवण्याचे विषय आहेत. पण ते घेणाऱ्याने काही चोरले असे मला वाटत नाही, आणि त्याच्याकडून तपाची पावती मागण्याचा हक्कही कोणाला नाही. खऱ्या कारणाची मदत घेण्यात कमीपणा असता तर चष्मा लावणारे सगळेच कमी ठरले असते. उलट या इंजेक्शनांनी कॅप्सूलवाल्यांची पंचाईत करून ठेवली आहे. खरोखर काम करणारी वस्तू आपला परिणाम पोकळ गोळीच्या शेजारी मांडून दाखवते, आणि दुष्परिणामही छापते. काम न करणारी वस्तू मांडते ती आधीचे आणि नंतरचे फोटो.

राहता राहिला प्रश्न घट कोणता, हा. आपण सगळे बोलतो वजनाबद्दल, पण वजन हे चरबी, स्नायू, हाडे आणि पाणी यांची बेरीज आहे आणि काटा त्यांत भेद करत नाही. सोनामुखी घातलेल्या 'स्लिमिंग टी'ने पोट साफ होऊन किलोभर पाणी जाते, तेही घट म्हणून खपते. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दोन शास्त्रज्ञांचा एक फोटो छापून आला होता, पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ पण आतून मेदाळ अशा भारतीय शरीरावर याज्ञिकांनी पुण्यात जे काम केले त्याचे ते एका फोटोतले सार होते. भारतीयांसाठी बीएमआयची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर आणली गेली ती याच जातीच्या पुराव्यांमुळे. अशा माणसाने प्रथिने वाढवली, आठवड्यातून तीनदा वजने उचलली आणि वर्षभर ते चालवले, तर त्याची चरबी उतरेल, स्नायू भरतील, कदाचित रक्तातली साखरही सुधारेल, आणि काटा आहे तिथेच राहील, कदाचित अर्धा किलो वरही सरकेल. डब्याच्या मापाने तो नापास. मागच्या वाक्यातले दोन्ही उपाय त्याने मन लावून केलेले असतील, आणि तरीही दुकानदार त्याला मोठ्या डब्याकडे बोट दाखवील.